१५ वर्षांची घरची गाडी : इंजिन उघडायचं की गाडीच बदलायची?

गुहागरचा_पुण्यात
नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितोय, पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला मागण्यात अर्थ नाही. घरची गाडी जानेवारी २०११ ची, पेट्रोल हॅचबॅक, १२०० सीसीच्या आतली, १ लाख १८ हजार किमी झालेत. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा कंपन्यांच्या भांडणात जातो आणि माझा प्रश्न राहतो बाजूला. पहिली नऊ वर्षं गाडी पुण्यात माझ्याकडे होती, २०२० पासून गुहागरला आईबाबांकडे आहे. घरापासून समुद्र चालत पाच मिनिटं, गाडी अंगणात माडाखाली उभी असते, शेड नाही. बाबा ७३, आई ६९. बाबा रोज सकाळी गाडी पुसतात, बाहेरून बघाल तर वाटणार नाही पंधरा वर्षांची आहे म्हणून.

गेल्या महिन्यात आईबाबा कराडला निघाले होते, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं त्याच्या तपासणीला. कुंभार्ली घाटात पोफळीच्या वर चढताना तापमानाचा काटा वर गेला, मागे ट्रक होता म्हणून बाबांनी दोन वळणं तशीच काढली आणि मग बॉनेटमधून वाफ. आईला धड उभं राहता येत नाही अशी अवस्था, ती दीड तास घाटात गाडीत बसून होती. शेवटी ओळखीच्या माणसाची जीप आली, हे दोघं कराडला गेले आणि गाडी टो करून चिपळूणला. गॅरेजवाल्याने ऑइलचं झाकण उघडून फोटो पाठवला, झाकणाला आतून चहावरच्या सायीसारखा दुधाळ थर. हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलंय म्हणाला.

एस्टिमेट असं : हेड गॅस्केट, हेडचं फेसिंग, रेडिएटर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, ऑइल-कूलंट, लेबर मिळून ३४ हजार. क्लच प्लेट-प्रेशर प्लेट ९ हजार. लोअर आर्म, बुश, पुढचे शॉकअप १३ हजार. चार टायर १६ हजार. एकूण ७२ हजार. गाडी चालू असती तर गावात कोणी ८०-९० दिले असते, आत्ता आहे तशी ३५. वर जानेवारीत आरसी (गाडीची नोंदणी) संपतेय, म्हणजे पासिंगचा खर्च वेगळा.

बाबा म्हणतात इंजिन एकदा नवीन केलं की पाच वर्षं बघायला नको. बायको म्हणते आईला घेऊन परत त्या गाडीत घाट चढायचा नाही. मला दोघांचंही पटतंय आणि म्हणूनच रात्री झोप येत नाहीये. काय करू?

हिशेबी_नाशिककर
७२ हजार हा आकडा गाडीच्या किमतीशी ताडून बघू नका, सगळे तिथेच चुकतात. किती वर्षं वापरणार ते आधी ठरवा आणि महिन्याला किती पडतं ते काढा. समजा तीन वर्षं. ७२ दुरुस्ती, १० च्या आसपास पासिंग वगैरे, वर्षाला १५ हजार किरकोळ कामं आणि इन्शुरन्स, म्हणजे १ लाख २७ हजार भागिले ३६, महिन्याला साधारण साडेतीन हजार. आता चार वर्षं जुनी सेकंडहँड ४ लाख २० ला घेतली आणि तीन वर्षांनी ३ लाखाला विकली तर घट १ लाख २०, वर मेंटेनन्स ३० धरा, महिन्याला सव्वाचार हजाराच्या आत. नवीन साडेसहा लाखांची घेतली तर नुसती घटच महिन्याला साडेपाच हजार, आणि कर्ज काढलं तर व्याज वेगळं. सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झालाय, आधी २८ वर सेस होता, त्यामुळे नवीनचा भाव उतरलाय पण त्याबरोबर जुन्या गाड्यांचाही उतरलाय हे लक्षात ठेवा, सेकंडहँडवाल्याशी घासाघीस करताना कामाला येईल.

म्हणजे दुरुस्ती आणि सेकंडहँड यात महिन्याला सहा-सातशेचाच फरक आहे. निर्णय पैशावर होणारच नाही तुमचा.

रत्नागिरीचा_काका
बाबा बरोबर बोलतायत. आमची २००८ ची आहे, दोनदा इंजिनाचं काम केलं, अजून मुंबईला जाऊन येते. हल्लीच्या गाडीत जरा काही झालं की लॅपटॉप लावल्याशिवाय कोणी हात लावत नाही, जुनी गाडी गावातला कुठलाही फिटर दुरुस्त करतो. कोकणात राहणाऱ्याला हे फार मोलाचं आहे.

नोएडावासी
एक शंका. १५ वर्षांनी पेट्रोल गाडी भंगारात द्यायलाच लागते ना? इथे आमच्याकडे तर तसंच आहे.

हिशेबी_नाशिककर
नाही हो, ते दिल्ली आणि एनसीआरपुरतं. १० वर्षं डिझेल, १५ वर्षं पेट्रोल हा नियम तिकडचा. महाराष्ट्रात १५ वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून नोंदणी पाच वर्षं वाढवून मिळते. एप्रिल २०२२ पासून कारची फी ५ हजार झाली, आधी ६०० होती. गाडीला २० वर्षं झाली की तीच फी आता १० हजार. उशीर झाला तर महिन्याला ५०० दंड. पर्यावरण कर वेगळा भरायचा. आणि एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लागणार, ती ७४५ अधिक जीएसटी, ८७९ ला पडते. अर्ज आरसी संपायच्या ६० दिवस आधीपासून करता येतो, तेव्हा @गुहागरचा तुम्ही आत्ताच त्या मुदतीत आला आहात.

पाटणचा_मिस्त्री
मी २२ वर्षं गॅरेजच चालवतोय, कुंभार्लीत तापलेल्या गाड्या दर पावसाळ्यानंतर आमच्याकडं येतात म्हणून लिहितो. पयल्यांदा एक सांगा, बाबा रेडिएटरमध्ये कूलंट घालत होते की पाणी? आणि पाणी असलं तर कुठलं?

गुहागरचा_पुण्यात
विचारलं. विहिरीचं पाणी. दर पंधरा दिवसांनी थोडं कमी व्हायचं म्हणून ते भरायचे, दोन वर्षं तरी. कोणाला सांगितलं नाही कारण गाडी चालत होती.

पाटणचा_मिस्त्री
तेच. गळती बारीक होती, ती दोन वर्षं पाण्यानं झाकली. विहिरीच्या पाण्यातला क्षार रेडिएटरच्या नळ्यांत आणि ब्लॉकच्या आत बसतो, कूलंटमध्ये गंज न धरण्याचं औषध असतंय ते नुसत्या पाण्यात नसतं, वॉटर पंपाचं पातं खाल्लं जातं. सपाटीला हे कळत नाही कारण हवा लागते. घाटात दुसऱ्या गिअरला इंजिन जोर लावतंय आणि वारा नाही, तिथं बिंग फुटतं. ॲल्युमिनियमचं हेड तापलं की बाक धरतं, कागदाएवढा बाक आला तरी गॅस्केट धरत नाही, मग पाणी ऑइलमध्ये. ती साय म्हणता ती तीच.

आता महत्त्वाचं. दोन वळणं काटा वर असताना काढली ना, तर नुसतं हेडचं काम करून भागेल असं छातीठोक कोणी सांगू नये. दुधाळ ऑइलवर बेअरिंग चालली असतील तर खालचं पण उघडावं लागंल, ३४ चे ५५ व्हायला वेळ लागत नाही. गॅरेजवाल्याला विचारा की हेड काढल्यावर खालचं खराब निघालं तर तिथंच थांबणार का, आणि तोवरचं लेबर किती. हे आधी ठरवून घ्या, तोंडी नको, व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.

आणि त्याच्या पण आधी, इंजिनाला हात लावायच्या आधी, गाडी लिफ्टवर घ्या. इंजिन परत बांधता येतं, क्लच बदलता येतो, शॉकअप बदलता येतो, पण सहा वर्षं समुद्राकाठी उघड्यावर उभी राहिलेल्या गाडीचा खालचा पत्रा गेला असंल तर वरचे ७२ हजार पाण्यात. बाबा रोज पुसतात म्हणता, ते वरून. खालून कोण पुसतंय? दरवाजाच्या आणि सिलच्या (दरवाजाखालची लांब पट्टी) खाली पाणी निघायला बारीक भोकं असतात, माडाखाली गाडी असली की पालापाचोळ्याची माती होऊन ती बुजतात, पावसाचं पाणी आत तसंच राहतं आणि पत्रा आतून सडतो, बाहेरचा रंग शेवटपर्यंत चकचकीत. पेचकस घेऊन टोचून बघा. सिल, पुढच्या शॉकअपचा माथा, मागची स्प्रिंग बसते ती वाटी, मागच्या ॲक्सलचे बोल्ट जिथं बॉडीला धरलेत ती जागा. आवाज टणटण आला पाहिजे. भदभद आला तर समजा.

अकोल्याचा_भाऊ
मिस्त्री भाऊंचं शंभर टक्के बरोबर. मी इन्शुरन्सच्या कामात आहे, एक गोष्ट जोडतो. तुमची पॉलिसी काढून आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) किती लिहिलाय ते पाहा. पाच वर्षांनंतर तो आकडा कंपनी आणि मालकाच्या संमतीने ठरते, पंधरा वर्षांच्या हॅचबॅकचा ४० हजाराच्या आतबाहेर असते. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस (दुरुस्तीच्या पलीकडची) धरतात. म्हणजे ७२ हजार आज घातले आणि उद्या कोणी मागून ठोकली, डिकी आणि बंपर गेला, खर्च ३० हजाराच्या वर गेला की विषय संपला. तुम्ही घातलेले ७२ तिथे कुठेच दिसत नाहीत. रबर-प्लास्टिकच्या पार्टला तर तशीही निम्मी घसारा कापतात.

मीनल_ठाणे
सगळे गाडीबद्दल बोलताय, मला आईंबद्दल विचारायचंय. गुडघा बदललेला माणूस ह्या हॅचबॅकमध्ये बसतो कसा? माझ्या सासूबाईंचं झालं तेव्हा त्या आमच्या गाडीत आधी पाठमोऱ्या व्हायच्या, एका हाताने दरवाजाची चौकट धरायच्या, मग धपकन खाली, आणि उतरताना आम्ही दोघं दोन्ही काखेत हात घालून ओढायचो. डॉक्टर म्हणाले होते गुडघा नव्वदच्या पुढे जोरात वाकवू नका आणि आम्ही रोज तेच करत होतो. नंतर मी टेप घेऊन मोजलं. घरातल्या ज्या खुर्चीवरून त्या आपल्या आपण उठतात ती १८ इंच, गाडीची सीट जमिनीपासून त्याच्याहून बरीच खाली. तुम्ही पण मोजा प्लीज. गाडी दुरुस्त होईल, पण सीट वर येणार नाही.

आणि २०११ च्या बेसिक मॉडेलला एअरबॅग, एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी सोय) काहीच नसणार. एबीएस सगळ्या नवीन गाड्यांना एप्रिल २०१९ पासून सक्तीचं झालं, ड्रायव्हरची एअरबॅग जुलै २०१९ पासून, आणि शेजारच्या सीटची जुन्या मॉडेलना २०२१ च्या शेवटापासून. सेकंडहँड घेणार असाल तर २०२२ किंवा नंतर बनलेलीच बघा, मग कुठलंही व्हेरियंट असलं तरी एवढं तरी असतंच.

रत्नागिरीचा_काका
मीनल ताई, एअरबॅग नव्हत्या तेव्हाही माणसं गाडी चालवत होतीच की. बाबांचा हात त्या गाडीवर बसलाय, ७३ व्या वर्षी नवीन गाडीचा क्लच, नवीन लांबी-रुंदी शिकायची हे पण धोक्याचंच आहे, त्याचा कोणी विचार करत नाही.

मीनल_ठाणे
काका, हा मुद्दा मात्र मला मान्य आहे. म्हणूनच खूप मोठी गाडी नको, लांबी साधारण तेवढीच आणि सीट उंच अशी बघावी. आणि पहिला महिना बाबांनी गुहागरच्या रस्त्यावरच चालवावी, घाटात नको.

नोएडावासी
ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलचं काय? २०११ च्या गाडीला त्याने त्रास होत नाही का?

पाटणचा_मिस्त्री
थोडा होतो. रबरी पाईप आणि पंपाचे सील जुन्या गाडीत इथेनॉलला टिकणारे नसतात, फुगतात, भेगा पडतात. पाईप बदलणं हजार-दोन हजाराचं काम. ॲव्हरेज पण जरा उतरतं. पण त्याच्यासाठी गाडी टाकू नये कोणी. पत्र्यासाठी टाकावी.

गुहागरचा_पुण्यात
अपडेट देतो. शनिवारी पहाटे पुण्याहून निघून चिपळूणला गेलो, बाबा गुहागरहून एसटीने आले. गाडी लिफ्टवर घेतली. पुढून चालू केलं, शॉकअपचे माथे ठणठणीत, बाबा माझ्याकडे बघून मान हलवत होते. डाव्या सिलला मध्ये हात लावला तर अंडरकोट ओल्या पापुद्र्यासारखा हातात आला आणि त्याच्या मागून लाल माती, पानांचे तुकडे, एक अख्खी माडाची काडी. तोपर्यंत मला वाटत होतं वेल्डिंग करून भागेल. मग फिटरने मागच्या डाव्या स्प्रिंगच्या वाटीला पेचकस लावला. जोर पण नाही लावला हो त्याने. मुठीपर्यंत आत गेला.

उजव्या बाजूला आरपार नाही गेला, पण आवाज तुम्ही म्हणालात तसाच, भदभद.

बाबांनी फिटरच्या हातून पेचकस घेतला आणि स्वतः दोन-तीन ठिकाणी टोचून बघितलं. मग पेचकस पुसून परत दिला आणि म्हणाले, ह्याच्यावर तुझी आई बसलेली असते मागे, डाव्या बाजूलाच. बस एवढंच. परत येताना इंजिनाचा विषय त्यांनी काढला नाही.

फिटर म्हणाला कापून नवीन पत्रा लावता येईल, १५-२० हजार, पण स्प्रिंगचा भार पेलणारी जागा आहे, वेल्डिंगच्या शेजारचा पत्रा पण पातळच आहे, तो किती दिवस धरेल ते तो लिहून देणार नाही. त्याने पैसे मिळत असताना असं सांगितलं याचं मला बरं वाटलं. गाडी दुरुस्त करत नाही, ठरलं.

पाटणचा_मिस्त्री
योग्य केलंत. ती वाटी घाटात तुटली असती तर काय झालं असतं ते मी बघितलंय. फिटर चांगला आहे, त्याला सोडू नका, पुढची गाडी घेताना त्यालाच दाखवायला न्या.

रत्नागिरीचा_काका
माझं मत मी मागे घेतो. उद्या आमची पण लिफ्टवर घेतोय.

अकोल्याचा_भाऊ
आता विल्हेवाट नीट लावा. भंगारवाला रोख जास्त देईल, देऊ नका. आरसी रद्द झाली नाही तर कागदोपत्री गाडी बाबांच्याच नावावर राहते, त्या नंबरवर किंवा चेसिसवर कोणी काही केलं तर विचारणा त्यांना. सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्रात द्या, तिथे जमा केल्याचं प्रमाणपत्र मिळते आणि ते दाखवून नवीन गाडीच्या करात सवलत मिळते. सेकंडहँड घेणार असाल तर त्या सवलतीचा उपयोग नाही, पण नोंदणी रद्द होते हे मोठं. जुने ई-चलान आधी भरून टाका. आणि नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) गाडीचा नसतो भाऊ, मालकाचा असतो. इन्शुरन्स कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, ५० टक्क्यांवर असाल तर पुढच्या गाडीच्या ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियममध्ये चांगलेच पैसे वाचतील. फक्त पुढची गाडीही बाबांच्याच नावावर हवी.

गुहागरचा_पुण्यात
भाऊ, फार उपयोगी. पण एक नवीनच निघालं. परिवहनच्या साईटवर बघितलं तर आरसीवर अजून बँकेचा बोजा दिसतोय. कर्ज २०१५ सालीच फिटलं, एनओसी पण आली होती, फाईलमध्ये आहे. मी तेव्हा आरटीओत दिलीच नाही, मला वाटलं कर्ज फिटलं की आपोआप निघतो.

हिशेबी_नाशिककर
निघत नाही, फॉर्म ३५ भरून काढावा लागतो. दहा वर्षं जुनी एनओसी बहुतेक चालणार नाही, बँकेकडून नवीन तारखेची घ्या. बाबांचा मोबाईल आधारला आणि आरसीला जोडलेला आहे का तेही बघा, ओटीपी तिथेच येतो. हा धागा वाचणाऱ्या सगळ्यांनीच आज आपापली आरसी काढून हे एकदा बघा, विकायच्या दिवशी कळलं की महिना जातो.

चिपळूणकर_ताई
सेकंडहँड आमच्या भागात बघणार असाल तर एक कळकळीने सांगते. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणात किती गाड्या बुडाल्या ते आम्ही डोळ्यांनी बघितलंय, आमची पण दोन दिवस पाण्यात होती. त्यातल्या बऱ्याच साफ करून विकल्या गेल्या, दुसऱ्या जिल्ह्यातही गेल्या. तुम्ही २०२२ नंतरची बघताय म्हणजे त्या पुराची भीती नाही, पण पूर काही एकदाच येत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, गुंडाळलेला असतो तो भाग कोणी धूत नाही, तिथे मातीची रेघ राहते. स्टेपनीच्या खड्ड्यात कार्पेट उचलून बघा. सीटच्या खालच्या रुळावर गंज आहे का बघा. आणि काचा बंद करून दहा मिनिटं आत बसा, वास येतोच.

गुहागरचा_पुण्यात
शेवटचं अपडेट, तीन आठवड्यांनी. बोजा निघाला, नवीन एनओसीला बारा दिवस लागले. चलान एकच होतं, माझ्याच काळातलं, पुण्यातलं, भरलं. गाडी गुरुवारी स्क्रॅपिंग केंद्रात जातेय, भंगारवाल्यापेक्षा आठ हजार कमी मिळतायत, चालेल.

गाडी घेतली ती २०२२ ची, उभ्या बांध्याची, ३८ हजार किमी, ४ लाख ५ हजार. तोच फिटर बरोबर नेला होता, त्याने खाली झोपून टॉर्चने अर्धा तास बघितलं. ताईंनी सांगितल्याप्रमाणे सीटबेल्ट ओढले, स्वच्छ होते. मीनल ताई, टेप घेऊन गेलो होतो. आईची खुर्ची साडेसतरा इंच, सीट तिच्याहून किंचित वर. आई आली, दरवाजा धरला, बसली, मग दोन्ही पाय हाताने न उचलता आत घेतले. उतरली. पुन्हा बसली. विकणारा गृहस्थ विचारत होता काय चाललंय म्हणून. बाबा अजून क्लच जरा वर सोडतात आणि गाडी धक्का खाते, पण रोज सकाळी मोडकाआगरपर्यंत जाऊन येतात. आणि अंगणात पत्र्याची शेड घालायला माणूस सांगितलाय.

जुन्या गाडीतून जॅक, पाने आणि बाबांची टॉर्च काढून घेतली. काचेवर फास्टॅग आहे, त्यात ३४० रुपये आहेत, त्याचं काय करायचं असतं?

अकोल्याचा_भाऊ
ज्या बँकेचा आहे तिला फोन करून बंद करायला सांगा, नाहीतर १०३३ ला लावा. शिल्लक आणि डिपॉझिट खात्यात परत येते. गुरुवारच्या आधी करा, आणि गाडी देण्याआधी काचेवरून खरवडून काढा, तसाच चिकटलेला देऊ नका.